रिब्रीदरचे तीन ऑक्सिजन सेल जुळत नसतील तर: पुण्यात घरी करायच्या तपासण्या

दरवर्षी दसऱ्याच्या आसपास मला एकाच विषयावर तीन-चार फोन येतात. "ताई, दोन नंबरचा सेल काहीतरी भलतंच दाखवतोय. नवीन मागवू का?" पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे मशीन चार महिने पुण्यातल्या कपाटात पडून राहतं. खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांबरोबर पूजेला बाहेर काढतात, हँडसेट (मशीनचा आकडे दाखवणारा स्क्रीन) चालू करतात, आणि ऑक्सिजन मोजणारे तीन सेल तीन आकडे दाखवतात. माझ्या घरीही आधी हेच व्हायचं. भोसरीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करत असल्यामुळे मला मोजमापाची सवय होती, तरी पहिली दोन वर्षं मी चांगले सेल फेकून देऊन नवे मागवले. दोष सेलमध्ये नव्हताच. तेव्हापासून स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या मशीनवर हाच प्रकार इतक्या वेळा निस्तरला आहे, की तपासणीचा क्रम आता पक्का झाला आहे. तोच इथे लिहिते.

बंद लूपच्या रिब्रीदरमध्ये आपण सोडलेला श्वास परत आपल्याकडेच येतो. सोडालाइम त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि शरीराने जेवढा ऑक्सिजन वापरला तेवढाच मशीन त्यात भरतं. किती भरायचा हे ठरतं ते या तीन सेलच्या आकड्यांवरून. आकडा म्हणजे ऑक्सिजनचा आंशिक दाब, बार या एककात. हँडसेटवर आपण ज्याला पीपीओटू म्हणतो तो. तो ०.१६ च्या खाली गेला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, १.६ च्या वर गेला तर झटके येऊ शकतात, आणि दोन्ही वेळेला आधी सूचना मिळेलच असं नाही. जीभ किंवा नाक ऑक्सिजन ओळखत नाही. म्हणून सेलची भानगड "बघू पाण्यात गेल्यावर" म्हणून सोडायची नसते.

लक्षणं

यातलं एखादं जरी दिसलं तरी पुढचं वाचा.

– साध्या हवेत दोन सेल ०.२० दाखवतात, तिसरा ०.१६ किंवा ०.२५.
– पुण्यात सगळं ठीक होतं, पण मालवणच्या किनाऱ्यावर हवेतच तिन्ही ०.२३ च्या जवळ.
– ऑक्सिजन सोडल्यावर दोन सेल लगेच चढतात, तिसरा मागून रेंगाळत येतो.
– हेड (सेल बसवलेला मशीनचा भाग) हलवलं की आकडा उड्या मारतो किंवा शून्यावर पडतो.
– कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या गॅसवर आकडा जुळवून घेणं) होतच नाही, हँडसेट नाकारतो.
– पाण्यात एक सेल ठरावीक आकड्याच्या वर जातच नाही, मग सेटपॉइंट (मशीनने राखायचा पीपीओटू) काहीही ठेवा.

हे पाण्याखाली घडलं तर तिथे तपासणी करत बसायचं नाही. बेलआउट (आणीबाणीच्या वेगळ्या सिलिंडरचा रेग्युलेटर) तोंडात घ्यायचं, ओपन सर्किटवर, म्हणजे श्वास पाण्यात सोडत, यायचं आणि वर निघायचं. डायल्युअंट (ऑक्सिजन पातळ करायला वापरतो तो गॅस) फ्लश करून, म्हणजे लूपमधला गॅस त्याने बदलून, सेल खरा-खोटा ठरवायचं तंत्र प्रशिक्षणात शिकवतात, आणि ते चांगलं आहे: २० मीटरवर दाब ३ बार, हवा डायल्युअंट असेल तर फ्लशनंतर ०.६३ दिसायला हवं. पण ते करायचं श्वास सुरक्षित गॅसवर घेतल्यानंतर. शेवटचा पाण्यातला एक मार्ग सोडला तर खाली लिहिलेलं सगळं कोरड्या जमिनीवरचं आहे.

आधी एकच प्रश्न

एकटा सेल चुकतोय की तिघं मिळून? माझ्या अनुभवात निम्मा गोंधळ या प्रश्नातच सुटतो. एकटा वेगळा असेल तर दोष त्या सेलमध्ये, त्याच्या कनेक्टरमध्ये किंवा त्याच्या तोंडावरच्या थेंबात असतो. तिघं सारखेच चुकत असतील तर सेलना हात लावू नका. दोष त्यांना मिळणाऱ्या गॅसमध्ये किंवा आपण हँडसेटला सांगितलेल्या दाबात असतो. "तिन्ही जुळताहेत, म्हणजे बरोबर आहेत" हा समज मी सगळ्यात जास्त ऐकते आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

वही आणि तारीख (फुकट, पाच मिनिटं)

सेलवर उत्पादनाची तारीख किंवा तिचा कोड असतो. वापरात बारा महिने आणि उत्पादनापासून अठरा महिने, यातलं जे आधी येईल तिथे माझ्याकडे सेल निवृत्त होतो. तो चांगला दाखवत असला तरी. या सेलच्या आत शिशाचा ॲनोड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं; ऑक्सिजन आत शिरला की शिसं हळूहळू खर्ची पडतं. त्यामुळे सेल कपाटात बसूनही म्हातारा होतो, आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत तर फारच लवकर. पाकीट न फोडलेला दोन वर्षांपूर्वीचा सेल म्हणजे नवा सेल नव्हे.

तारीख ठीक असेल तर वही उघडा. वही नसेल तर आजपासून घाला. प्रत्येक सेलचा क्रमांक, हवेतले मिलिव्होल्ट, शुद्ध ऑक्सिजनमधले मिलिव्होल्ट, ठिकाण, तारीख. हँडसेटवरचा पीपीओटू लिहून उपयोग नाही, कारण तो कॅलिब्रेशनने घडवलेला आकडा आहे. मिलिव्होल्ट ही सेलची स्वतःची भाषा. बहुतेक डायव्हिंग सेल समुद्रसपाटीला हवेत साधारण ८ ते १३ मिलिव्होल्ट देतात. तुमच्या सेलच्या कागदावर नेमकी मर्यादा छापलेली असते. गेल्या वर्षी १०.२ देणारा सेल आज ८.४ देत असेल तर तो उतरतो आहे. कागदावरच्या मर्यादेत अजून बसत असला तरी.

हवेचा दाब (फुकट, पण इथेच बहुतेक जण फसतात)

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे हवेचा खरा दाब सुमारे ९४५ ते ९५० मिलिबार असतो, किनाऱ्यावर सुमारे १०१०. म्हणजे पुण्यात साध्या हवेत बरोबर सेल ०.२१ दाखवणार नाही, ०.२० च्या किंचित खालीच दाखवेल. किनाऱ्यावर १०.५ मिलिव्होल्ट देणारा सेल इथे साधारण ९.८ देईल. तो बिघडलेला नाही. माझे ते पहिले फेकलेले सेल असेच गेले: गोव्याच्या कोर्समध्ये लिहून घेतलेला आकडा मी कोथरूडच्या गच्चीवर शोधत होते.

काही हँडसेट दाब स्वतः मोजतात, काहींना आपण सांगावा लागतो. सांगावा लागत असेल तर एक सापळा नीट समजून घ्या. मोबाइलच्या हवामान ॲपवर पुण्याचा दाब १००८ वगैरे दिसतो. तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला आकडा असतो, निरनिराळ्या गावांच्या हवामानाची तुलना करता यावी म्हणून. आपल्या सिमला ऑफिसच्या, म्हणजे पुण्यातल्या हवामान खात्याच्या, नोंदींमध्येही वेधशाळेच्या जागेवरचा दाब आणि समुद्रसपाटीचा दाब असे दोन वेगळे आकडे असतात. सेलला कळतो फक्त जागेवरचा. तो बघायला मोबाइलमधल्या बॅरोमीटरचं ॲप किंवा डायव्ह कॉम्प्युटरवरचा पृष्ठभागाचा दाब वापरा.

समजा तुम्ही ॲपमधला १००८ भरून कोथरूडला कॅलिब्रेशन केलं. खरा दाब ९४८. तिन्ही सेल आता सहा टक्क्यांहून थोडं जास्तच सांगणार, आणि तिन्ही सारखंच सांगणार, त्यामुळे शंकाही येणार नाही. मालवणच्या किनाऱ्यावर तेच हवेत ०.२३ च्या जवळ दिसतील. लक्षणांच्या यादीतलं दुसरं लक्षण ते हेच. पाण्यात हँडसेटवर १.३ दिसेल तेव्हा खरा ऑक्सिजन १.२२ असेल. ऑक्सिजनच्या विषबाधेच्या दृष्टीने ही चूक सौम्य, पण डिकंप्रेशनचं (वर येताना कुठे किती थांबायचं याचं) गणित १.३ धरून चाललेलं असतं आणि अंगात नायट्रोजन त्याहून जास्त शिरतो.

उलटी चूक जास्त वाईट. हँडसेटमध्ये पुण्याचा ९४८ तसाच राहिला आणि तुम्ही किनाऱ्यावर कॅलिब्रेशन केलंत, तर सेल कमी सांगतात. १.३ दिसतं तेव्हा खरा १.३९ असतो; कोणी सेटपॉइंट १.४ ठेवत असेल तर खरा १.५. म्हणून माझा नियम साधा आहे. पुण्यातलं कॅलिब्रेशन फक्त सेल तपासण्यासाठी. डायव्हसाठीचं कॅलिब्रेशन घाट उतरल्यावर, जिथे पाण्यात उतरायचं त्या गावात, तिथला दाब भरून.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. हवेतली वाफसुद्धा जागा घेते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर वाफेचाच दाब ३४ मिलिबारच्या आसपास, म्हणजे ऑक्सिजनचा वाटा साडेतीन टक्क्यांनी कमी. जुलैत १०.० ऐवजी ९.६ दिसलं तर घाबरू नका. शेजारी आर्द्रता लिहून ठेवा.

ओल (फुकट, एक रात्र)

एकच सेल रेंगाळत असेल तर नव्वद टक्के वेळा मी आधी पाणीच शोधते. आपला श्वास दमट आणि उबदार, हेडचं आवरण थंड. थेंब जमतात आणि एखादा थेंब सेलच्या पडद्यावर बसतो. ऑक्सिजनला त्या थेंबातून झिरपत जावं लागतं, म्हणून सेल मागे पडतो किंवा जुन्याच आकड्यावर गोठतो. सेल काढून उजेडात तिरपा धरा, ओल दिसते.

वाळवायचं कसं? सेल बाहेर काढून सावलीत, पंख्याखाली, तोंड खाली करून रात्रभर. पडद्याला कापूस, टिश्यू, बोट काहीही लावायचं नाही. हेअर ड्रायर अजिबात नाही. उष्णतेने आतलं द्रावण प्रसरण पावतं आणि पडदा फुगतो. ऑगस्टमध्ये पंख्यानेही वाळत नाही, तेव्हा मी एसीच्या खोलीत ठेवते. मग खोलीच्या तापमानाला आल्यावर तासाभराने मोजते, कारण थंड सेल लगेच खरं बोलत नाही.

सेल समुद्राच्या पाण्यात बुडला असेल किंवा लूपमध्ये पाणी शिरून सोडालाइमचं दाहक पाणी त्याच्यापर्यंत आलं असेल, तर वाळल्यावर तो चांगला दाखवेलही. तरी माझ्याकडे तो परत पाण्यात जात नाही. सेलच्या कडेला पांढरा खार किंवा चिकट ओल दिसली तर ते आतलं द्रावण गळतंय. हातमोजे घाला, डोळ्यांपासून दूर ठेवा, सेल बाद करा.

अदलाबदल आणि कनेक्टर (फुकट, दहा मिनिटं)

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. दोन नंबरचा सेल तीनच्या जागी लावा, तीनचा दोनच्या. आता मिलिव्होल्ट बघा. पीपीओटू बघू नका, कारण हँडसेटने कॅलिब्रेशन सेलसाठी नव्हे, जागेसाठी लक्षात ठेवलेलं असतं. अदलाबदलीनंतर ते आकडे निरर्थक असतात. वाईट मिलिव्होल्ट सेलबरोबर तीनवर गेले, तर सेल दोषी. ते दोनवरच राहिले, तर वायर, कनेक्टर किंवा हँडसेट. एकही पैसा खर्च न करता एवढं नेमकं उत्तर दुसरी कुठलीच तपासणी देत नाही.

दोष जागेवर राहिला तर कनेक्टर बघा. हिरवा डाग, काळपटपणा, ढिली पिन. खारी हवा पुण्यापर्यंत येत नाही, पण मीठ आपणच मशीनमधून घेऊन येतो. कनेक्टर चार-पाच वेळा हलकेच काढून-घालूनही बरेचदा संपर्क सुधारतो. त्यापुढे उत्पादकाने सांगितलेला कॉन्टॅक्ट क्लीनर, तोही सेल काढून, आणि पूर्ण उडून गेल्यावरच जोडणी. दुकानदार देईल तो गंज काढायचा तेलकट स्प्रे कधीही वापरायचा नाही. ऑक्सिजनच्या लूपमध्ये तेलाला जागा नाही. आगीचा धोका आहे आणि त्याची वाफ आपल्याच फुप्फुसात जाते.

मल्टिमीटर (काही शे रुपये)

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. मिलिव्होल्टचा दशांश दाखवणारा घ्या. सेल काढून थेट त्याच्या पिनांवर हवेत मोजा, मग हँडसेटवरचे मिलिव्होल्ट बघा. दोन्ही जवळपास सारखे हवेत. मीटरवर ९.८ आणि हँडसेटवर ७.९ असेल तर सेल निर्दोष आहे आणि वाटेत कुठेतरी गळती आहे. पिनांना मीटरची टोकं टेकवताना त्या वाकणार नाहीत एवढं जपा.

गॅस (एका सिलिंडरचा खर्च)

शुद्ध ऑक्सिजनमध्ये सेलचे मिलिव्होल्ट हवेतल्या आकड्याच्या ४.७७ पट व्हायला हवेत, कारण कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के असतो. हवेत १०.० असेल तर ऑक्सिजनमध्ये ४७.७. हे गुणोत्तर असल्यामुळे पुण्याची उंची इथे आड येत नाही. दोन्ही मोजमापं एकाच जागी, एकाच दिवशी केली की झालं. लूप नीट फ्लश करा, दोन-तीन वेळा पूर्ण रिकामा करून भरा, आणि आकडा वाचताना लूप फुगलेला ठेवू नका. आत दाब राहिला तर आकडा उगाच वाढतो.

आता पुन्हा तोच प्रश्न. एक सेल ४७ आणि एक ४१? तो सेल थकला आहे. तिन्ही ४४ च्या आसपास? गॅसवर संशय घ्या. कोविडनंतर आपल्याकडे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे पीएसए प्लांट पुष्कळ झाले. त्यांचा ऑक्सिजन सुमारे ९३ टक्के असतो, रुग्णासाठी उत्तम, पण आपल्या कॅलिब्रेशनला चुकीचा. ९३ टक्क्यांवर १०.० चा सेल ४४.४ देतो. एकदा आमच्या तिघांच्या मशीनवर एकाच आठवड्यात हे झालं आणि तिघांनीही नवे सेल मागवायची तयारी केली होती. सिलिंडर मात्र एकाच ठिकाणी भरलेले होते. तेव्हापासून भरून घेताना मी पहिला प्रश्न विचारते: "द्रव ऑक्सिजनचा आहे की पीएसएचा?" ९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध हवा. आणि दुकानातून निघण्याआधी स्वतःच्या ॲनालायझरने मोजते. ॲनालायझरमध्येही असाच एक सेल असतो, म्हणून आधी त्याला हवेवर लावून घ्यायचं.

एका बारच्या वर (अवघड, प्रशिक्षण हवं)

इथपर्यंत सगळं नीट आलं तरी एक प्रश्न उरतो. पुण्यात जमिनीवर शुद्ध ऑक्सिजनमध्ये सेलला आपण जेमतेम ०.९५ पर्यंत तपासतो. पाण्यात त्याच्याकडून १.३ ची अपेक्षा असते. थकलेला सेल ०.९५ पर्यंत सरळ चढतो आणि पुढे जाऊन अडतो, समजा १.१५ वर. कंट्रोलरला वाटतं १.३ अजून झालं नाही, म्हणून तो ऑक्सिजन सोडत राहतो. कंट्रोलर तिघांपैकी जुळणाऱ्या दोघांचं खरं धरतो, म्हणून असे दोन सेल एकत्र अडले तर मतदान त्या दोघांच्या बाजूने जातं आणि खरं सांगणारा तिसरा बाद ठरतो. सेटपॉइंट सोडून ऑक्सिजन कुठल्या कुठे गेलेला असतो. एकाच दिवशी एकाच बॅचचे तीन सेल लावू नका असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगते ते यासाठी. ते एकत्र म्हातारे होतात आणि एकत्र अडतात. मी दर चार महिन्यांनी एक बदलते.

तपासायचे दोन मार्ग. सेल तपासण्यासाठी बनवलेलं छोटं दाबपात्र मिळतं, त्यात १.६ पर्यंत आणि पुढेही बघता येतं. घरगुती जुगाड करून ऑक्सिजन दाबाखाली भरायचा नाही. दुसरा मार्ग पाण्यातला: समुद्रात ६ मीटरवर ऑक्सिजन फ्लश केला की १.६ च्या जवळ. पुण्यातल्या ४ मीटर खोल गोड्या पाण्याच्या तलावात तेच १.३३ च्या आसपास येतं, आणि सेटपॉइंटपर्यंत सेल चढतो का एवढं कळायला ते पुरे. मात्र हे प्रशिक्षकाने शिकवलेलं असेल तरच, शेजारी बडी (जोडीदार डायव्हर) आणि हाताशी बेलआउट ठेवून, मोजकाच वेळ.

कुठे थांबायचं

अदलाबदलीनंतर दोष जागेवरच राहिला आणि कनेक्टर साफ करूनही गेला नाही, तर थांबा. हेडच्या आतल्या वायरी राळेत बसवलेल्या असतात. तिथे सोल्डरिंग लोखंड घेऊन शिरायचं काम माझंही नाही, आणि मी रोज सोल्डरिंग करते. हँडसेटच्या काचेआड वाफ दिसली, केबलला चीर आहे, सोलेनॉइड (ऑक्सिजन सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) उघडा राहतो किंवा उघडतच नाही, तारखेत बसणारे नवे सेल घालूनही आकडे सरकत राहतात: या सगळ्याला उत्पादकाचा अधिकृत तंत्रज्ञ. हेड पाठवावं लागतं, दोन-तीन महिने जातात, हंगाम बुडतो. माझाही एक बुडला आहे.

हॉस्पिटलच्या व्हेंटिलेटरचे ऑक्सिजन सेल दिसायला अगदी सारखे असतात, प्लगही कधीकधी बसतो, आणि पुण्यात ते दुसऱ्या दिवशी मिळतात. ते लावू नका. ते दाबाखाली आणि ओलीत सरळ चालतात असं कोणी तपासलेलं नसतं.

आणि डायव्ह करताना डोकं दुखलं, धाप लागली, गोंधळल्यासारखं झालं, तर सेल उघडून बसू नका. त्याचा संशय आधी सोडालाइमवर घ्यायचा आणि स्वतःला डायव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरला दाखवायचं.

मालवणला पोचल्यावर सकाळी बोटीवर निघायच्या आधी सेल जुळले नाहीत, तर माझ्या गाडीत नेहमी एक साधा रेग्युलेटर असतो. बोटीवाले दादाही आता ओळखतात; मी हेड डब्यात परत ठेवताना दिसले की ते न विचारता हवेचं सिलिंडर पुढे सरकवतात.